नव्या हिरवळीचे संगोपन

घरासमोरच्या मोकळ्या जागेत, सोसायटीच्या आवारात किंवा शाळेच्या प्रांगणात ज्या दिवशी नवी हिरवळ घातली जाते, त्या दिवशी पाहणाऱ्याला जे समाधान वाटते ते अगदी स्वाभाविक होय. सकाळपर्यंत जेथे माती, खडे आणि मुरूम यांखेरीज काही नव्हते, तेथे संध्याकाळी हिरवे गवत सलग पसरलेले असते. परंतु ज्या अर्थी ही शोभा एका दिवसात उभी राहिली, त्या अर्थी ती अन्यत्र वाढलेली असून तेथून उचलून आणलेली आहे, आणि उचलताना तिच्या मुळांचा फार मोठा भाग रोपवाटिकेच्या जमिनीतच तुटून राहिलेला आहे, ही गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पहिल्या आठवड्यात दिसणारा हिरवेपणा हा पूर्वसंचिताचा असतो. खोडांत साठलेले अन्न सरण्यापूर्वी नवी मुळे नव्या मातीत उतरली तर हिरवळ तगते. न उतरली तर महिन्याभरात ती पिवळी व विरळ होऊन ठिकठिकाणी जमीन उघडी पडते. म्हणून नव्या हिरवळीची निगा म्हणजे तत्त्वतः मुळांची निगा होय. पाणी, कापणी, खत आणि तण यांविषयी पुढे जे सांगावयाचे आहे, ते सारे या एका तत्त्वाच्या अनुरोधाने सांगावयाचे आहे.

गवत आणि ऋतुमान

आखून-रेखून राखलेल्या हिरवळीचा शौक आपल्याकडे इंग्रजी अमदानीत आला. गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट एडविन बडिंग या इंग्रज गृहस्थाने 1830 साली घेतले. त्यापूर्वी इंग्लंडातील विस्तीर्ण हिरवळी लांब दांड्याच्या कोयत्यांनी किंवा मेंढ्या चारून आखूड राखल्या जात. पुढे छावण्या, जिमखाने आणि सरकारी बंगले यांच्याबरोबर ती रीत येथे रुजली. पण तिच्याबरोबर आलेले ग्रंथ थंड हवेच्या गवतांसाठी लिहिलेले होते, आणि त्यांतील वेळापत्रक आपल्या हवेला लागू पडत नाही. तिकडे गवताचे तुकडे अंथरण्याचे काम शरद ऋतूपासून वसंतारंभापर्यंत उरकावे असा दंडक आहे. आपली गवते उष्ण हवेची; साधारण 25 ते 35 अंश सेल्सियस तापमानात ती जोमाने वाढतात आणि थंडीत त्यांची वाढ मंदावते. जी हरळी आपण दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो आणि जी शेतातून खणून काढता काढता शेतकरी मेटाकुटीस येतो, तीच आपल्याकडील हिरवळीचे प्रमुख द्रव्य आहे. कांड्याकांड्याला मुळे फोडण्याचा तिचा जो गुण शेतात उपद्रव ठरतो, तोच येथे उपकारक होतो. रोपवाटिकांत ‘बर्म्युडा’ या नावाने मिळणारे गवत हरळीच्याच प्रजातीतले. ‘कोरियन’ म्हणून मिळणारे बारीक, दाट गवत झॉयसिया या निराळ्या प्रजातीतले असून ते सावकाश वाढते आणि थोडी सावलीही सोसते.

या गवतांना देशावर जून-जुलैचा काळ सर्वांत अनुकूल. हवा दमट, आकाश बहुधा अभ्राच्छादित आणि पाणी देण्याचे पुष्कळसे काम पाऊसच करतो. पुण्यास वर्षाकाठी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, तर कोकणात तो 2,500 मिलिमीटरच्याही वर जातो. म्हणून कोकणात ऐन पावसाच्या धुमाळीत ताजी हिरवळ घातल्यास माती वाहून जाण्याचा धोका असतो, आणि तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर हे काम हाती घेणे श्रेयस्कर. पाण्याची शाश्वती असेल तर फेब्रुवारीचा उत्तरार्धही चालतो. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र, अगदी निरुपाय असल्याखेरीज, नव्या गवताला हात घालू नये.

अंथरण्याच्या दिवसाची खबरदारी

गवताचे मातीसकट कापलेले तुकडे, ज्यांना व्यवहारात ‘कार्पेट’ म्हणतात, ते एकावर एक रचून ठेवले की त्यांच्या श्वसनाने आतल्या आत उष्णता निर्माण होते आणि मधले थर पिवळे पडतात. म्हणून ज्या दिवशी ते येतील त्याच दिवशी अंथरले पाहिजेत, आणि तोवर सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवले पाहिजेत. त्यांच्याखालील जमीन आधीच तयार असावी. आपल्याकडील काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा सावकाश होतो. तेव्हा तिच्यात वाळू व पूर्ण कुजलेले शेणखत मिसळून वर चाळलेल्या पोयट्याचा किंवा तांबड्या मातीचा थर द्यावा. वाफ्याला दर 3 मीटरला साधारण 3 सेंटिमीटर असा हलका उतार घराच्या विरुद्ध दिशेस द्यावा. कच्चे शेणखत कटाक्षाने टाळावे. त्याबरोबर तणांचे बी येते आणि मुळे खाणाऱ्या हुमणी या किडीचे भुंगेरेही अशा खताकडे ओढले जातात.

अंथरताना, भिंतीत विटा रचणारा गवंडी ज्या नियमाने सांधमोड करतो त्याच नियमाने, एका ओळीतील सांधे पुढच्या ओळीतील सांध्यांसमोर येऊ देऊ नयेत आणि तुकड्यांच्या कडा एकमेकींस घट्ट भिडवाव्यात. उरलेल्या फटींत चाळलेली माती भरावी, कारण तुकडा वाळू लागतो तो नेहमी कडेकडून. हे काम चालू असताना उभे राहण्यासाठी फळी टाकावी. शेवटी हलका रूळ फिरवून किंवा फळी ठेवून तिच्यावर धुमसाने दाब देऊन गवताची माती खालच्या जमिनीस चिकटवावी. मधे हवेची पोकळी राहिली तर मूळ तेथपर्यंत येऊन वाळते, आणि वरून कितीही पाणी घातले तरी तेवढा भाग सावरत नाही. ज्यांची हिरवळ याआधीच घालून झाली आहे त्यांनी सर्वत्र पाय दाबून पाहावे. जेथे स्पंजासारखे दबते तेथे तुकडा उचलून, खाली माती भरून, पुन्हा बसवून घ्यावा. हे पहिल्या 4-5 दिवसांत केले तर गवताला इजा होत नाही.

पाण्याचा बंदोबस्त

अंथरणे पुरे होताच, शक्य तर प्रत्येक भाग पुरा होत जाईल तसतसे, पाणी द्यावे. आणि हे पहिले पाणी इतके असावे की तुकडा भेदून खालच्या मातीत 10 ते 15 सेंटिमीटर ओल जाईल. त्याची खातरजमा डोळ्यांनी होत नाही. एखाद्या तुकड्याचा कोपरा अलगद उचलून खालची माती बोटाने चाचपावी. वरचे गवत ओलेचिंब आणि खालची जमीन ठणठणीत कोरडी, ही अवस्था नव्या हिरवळीत वारंवार आढळते, आणि ती हिरवळ मरण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

पुढचे सुमारे 10 दिवस हे तुकडे आणि त्यांच्याखालची माती कधीही वाळू देऊ नये. कोरड्या दिवसांत याचा अर्थ सकाळी एक आणि दुपार कलताना एक अशा दोन पाळ्या, उन्हाळ्यात हिरवळ घालणे प्राप्तच झाले असेल तर तीन. प्रत्येक पाळी झारीच्या किंवा बारीक फवाऱ्याच्या पाण्याची. रबरी नळीची धार सरळ गवतावर सोडू नये. तिने सांध्यांतली माती धुपते. पाऊस असेल त्या दिवशी हात आवरावा. पाणी साचून राहिले तर मुळांना हवा मिळत नाही, आणि तहानेने मरणाऱ्या मुळांइतकीच गुदमरून मरणारी मुळेही असतात.

पंधरवडा उलटला की खरी परीक्षा घ्यावी. चार-पाच ठिकाणी तुकड्याचा कोपरा हलकेच वर ओढून पाहावा. तो सहज सुटून येत असेल तर पूर्वीचाच क्रम चालू ठेवावा. ओढीला विरोध करीत असेल, तर नवी मुळे उतरली असे समजून पाणी देण्याची पद्धत बदलावी. या बदलाचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. रोज थोडे थोडे पाणी देण्याची पहिली पद्धत अशीच पुढे चालू राहिली, तर मुळांना खाली जाण्याचे कारणच उरत नाही. ती वरच्या दोन-तीन सेंटिमीटर मातीत घुटमळतात आणि पुढे माळी चार दिवस गावाला गेला की सगळी हिरवळ करपते. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासून पाळ्यांमधील अंतर वाढवावे आणि प्रत्येक पाळीचे प्रमाणही वाढवावे: प्रथम एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड, आणि हिवाळ्यात त्याहूनही विलंबाने, परंतु प्रत्येक वेळी ओल वीतभर खोल जाईल इतके. गवताला तहान लागली की ते स्वतःच सांगते. त्याचा रंग निळसर-राखी होऊ लागतो आणि पावलाखाली दबलेली पाती लवकर उभी राहत नाहीत. ही खूण दिसेपर्यंत थांबणे, दुसऱ्या महिन्यापासून, निर्धोक आहे.

पाण्याचा हिशेब प्रत्येकाने हिरवळ घालण्याआधीच मांडावा. एक चौरस मीटर जमिनीवर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर 1 लिटर. भर उन्हाळ्यात गवताला दिवसाला 5 मिलिमीटर धरले, तर 500 चौरस फूट, म्हणजे सुमारे 46 चौरस मीटर हिरवळीस रोज 230 लिटर आणि महिन्यास सुमारे 7,000 लिटर पाणी लागते. आपल्या देशात नागरी पाणीपुरवठ्याच्या योजना दरडोई दररोज 135 लिटरचा हिशेब धरून आखल्या जातात, हे जमेस धरले म्हणजे एवढी लहान हिरवळसुद्धा जवळजवळ दोन माणसांचे पाणी पिते, ही वस्तुस्थिती स्पष्ट होते. पाळीत किती पाणी पडले ते मोजण्यासाठी सरळ बाजूंचा एखादा पत्र्याचा डबा फवाऱ्याखाली ठेवून पट्टीने मोजले तरी पुरते.

पहिली कापणी

पहिले तीन आठवडे हिरवळीवर कोणीही चालू नये, खुर्च्या मांडू नयेत, मुलांना खेळू देऊ नये. त्यानंतर, तुकडे पक्के धरले आहेत आणि गवताची उंची 5-6 सेंटिमीटर झाली आहे असे दिसल्यावर, पहिली कापणी करावी. कापणीचा सार्वत्रिक नियम असा की पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळी काढू नये. पात्यांतच अन्न तयार होते; ती एकदम छाटली तर मुळांची वाढ खुंटते, आणि खालचे पिवळे दांडे उघडे पडून उन्हात भाजतात. हरळी किंवा कोरियन गवत क्रमाक्रमाने 3-4 सेंटिमीटरवर आणावे आणि घरगुती हिरवळीत तेथेच राखावे. गोल्फच्या मैदानासारखी जमिनीलगत कापणी करण्याचा हव्यास धरू नये, कारण तिच्यामागे जी रोजची मेहनत असते ती घरी शक्य नसते.

कापणीच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नये. माती घट्ट आणि पाती कोरडी असावीत. यंत्राचे पाते धारदार असलेच पाहिजे. बोथट पात्याने गवत कापले न जाता ओरबाडले जाते. दुसऱ्या दिवशी त्याची टोके पांढुरकी दिसतात आणि त्या जखमांतून बुरशीला वाट मिळते. लहान जागेत हाताने ढकलण्याचे यंत्र किंवा कातरी पुरेशी आहे. इंधनाचे यंत्र असल्यास त्यात पेट्रोल भरण्याचे काम फरशीवर करावे, गवतावर कदापि नाही. दर कापणीस यंत्र नेण्याची दिशा बदलावी, म्हणजे पाती एकाच बाजूस कलत नाहीत. पावसाळ्यात आठवड्याला एक, हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांना एक, असा क्रम साधारण बसतो. परंतु तारखेपेक्षा उंचीकडे पाहून कापणे हेच योग्य.

खत, तण, रोग आणि कीड

नव्या हिरवळीला लगेच खत घालण्याची घाई करू नये. मुळे नसताना दिलेले नत्र एकतर वाहून जाते किंवा पात्यांची अवाजवी वाढ करून मुळांवरचा बोजा वाढवते. पाच-सहा आठवड्यांनंतर, पहिल्या दोन कापण्या झाल्यावर, दर चौरस मीटरला 10 ग्रॅम युरिया पुरेसा आहे. त्यात 46 टक्के नत्र असते. तो पाती कोरडी असताना, कोरड्या वाळूत मिसळून सारखा विखरावा आणि तत्काळ पाणी देऊन पात्यांवरून धुऊन काढावा, नाहीतर जेथे दाणे चिकटतील तेथे गवत जळते. पुढे वाढीच्या हंगामात महिना-दीड महिन्याने हीच मात्रा द्यावी, आणि थंडीत थांबावे. सखल जागा भरण्यासाठी वाळू, पोयटा आणि चाळलेले शेणखत समभाग घेऊन त्याचा 1 सेंटिमीटरपेक्षा पातळ थर पसरावा. त्याने पाती पूर्ण झाकली जाता कामा नयेत.

देशावरच्या चुनखडीयुक्त जमिनीत कधी कधी युरिया देऊनही गवत पिवळेच राहते. अशा वेळी पात्यांचे निरीक्षण करावे. जुनी पाती प्रथम पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव. कोवळी पाती शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडत असतील तर लोहाची. लोहाच्या उणिवेवर लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट या प्रमाणात संध्याकाळी फवारणी करावी. मात्र फरशीवर शिंतोडे उडाल्यास तांबडे डाग कायमचे राहतात.

तणांत लवाळा हा सर्वांत चिवट. त्याची त्रिकोणी दांडी हाताला लागताच ओळखू येते, आणि कापणीनंतर दोन-तीन दिवसांत तो गवताच्या वर डोके काढतो. नुसता उपटला तर वरचा भाग हातात येतो आणि जमिनीत माळेने जोडलेल्या गाठी शिल्लक राहून नव्या जोमाने फुटतात. म्हणून माती ओली असताना खुरप्याने खोल जाऊन गाठीसकट काढावा आणि हे काम पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्यास नेमाने करावे. दुधी, केना, आंबुटी ही तणे फुलावर येण्यापूर्वी हाताने काढली म्हणजे पुरते. कोवळ्या हिरवळीवर तणनाशके फवारू नयेत. ग्लायफोसेट तर गवत आणि तण असा भेद मुळीच करीत नाही.

दमट, ढगाळ हवेत तपकिरी वर्तुळाकार डाग पडू लागले तर ती बहुधा बुरशी होय. संध्याकाळचे पाणी बंद करावे, नत्र थांबवावे, कापलेले गवत उचलून टाकावे आणि पाणी साचत असल्यास निचऱ्याची तजवीज करावी. एवढ्याने पुष्कळदा रोग आटोक्यात येतो. ऑगस्ट-सप्टेंबरात पाणी भरपूर असूनही गवत सुकत असेल आणि हाताने ओढताच सतरंजीसारखे गुंडाळून येत असेल, तर खाली हुमणीच्या पांढऱ्या, अर्धवर्तुळाकार अळ्या मुळे खात आहेत असे समजावे. तिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या सरींनंतर बाहेर पडून कडुनिंब-बाभळीवर रात्री जमतात. त्या दिवसांत प्रकाश-सापळा लावून ते नष्ट करणे हा मूळचा उपाय, आणि मातीत मेटारायझियम ही उपकारक बुरशी मिसळणे हा दुसरा. रासायनिक औषध घालण्याची पाळी आलीच तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेऊनच ते घालावे. जेथे मुले लोळतात आणि चिमण्या चरतात तेथे अंदाजाने विष टाकण्याचा अधिकार कोणालाही नाही.

प्रमाणाचा विचार

ज्या जागेला दिवसाचे 5-6 तास थेट ऊन मिळत नाही, तेथे हरळीची हिरवळ कितीही जपली तरी विरळच होत जाणार. मोठ्या झाडाखाली किंवा उंच इमारतींच्या सावलीत गवताचा आग्रह न धरता सावलीत वाढणारी झुडपे लावावीत. तसेच, ज्या गावात मार्च संपताच टँकरची वाट पाहिली जाते, तेथे अंगणभर हिरवळ पसरण्यापेक्षा घरच्या सांडपाण्यावर पोसता येईल एवढाच तुकडा ठेवणे हे केवळ काटकसरीचे नव्हे, तर शेजारधर्माचेही काम आहे. आंघोळीचे आणि भाजी धुतल्याचे पाणी, त्यात ब्लीच किंवा तीव्र साबण नसेल तर, रुजलेल्या हिरवळीस निःशंक देता येते. आणि कापलेल्या गवताचे आखूड तुकडे तसेच राहू दिले तर ते जमिनीची ओल राखून कुजताना नत्रही परत देतात.

तेव्हा नवी हिरवळ घालणाऱ्या वाचकांस आग्रहाची विनंती एवढीच की, क्षेत्र ठरवताना अंगणाच्या लांबी-रुंदीकडे न पाहता मे महिन्यात आपल्या हाती किती पाणी असेल त्याकडे पाहावे, आणि एकदा घातलेल्या गवताच्या पहिल्या तीन महिन्यांत कोणतीही हयगय करू नये. मुळे वीतभर खोल गेलेली लहान हिरवळ अनेक वर्षे टिकते; मुळांवाचून पसरलेली मोठी हिरवळ पहिल्या उन्हाळ्यातच संपते.